मोटारीच्या रंगावरील जाळें व त्याची दुरुस्ती

एखाद्या वस्तूची निगा राखली नाहीं म्हणजे ती खराब होते, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु चुकीच्या रीतीनें राखलेल्या निगेनेंहि वस्तु खराब होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मोटारीचा रंग हें याचें उत्तम उदाहरण होय. जी मोटार रोज सकाळीं मोठ्या हौसेनें कोरड्या फडक्यानें पुसली जाते, तिच्याच रंगाची तकाकी बहुधा लवकर जाते. असें कां व्हावें, गेलेली तकाकी परत आणतां येते काय, आणि येत असल्यास ती कोणत्या उपायांनीं व किती वेळां, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

हा विषय सुचण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. आम्ही राहतों त्या इमारतींत एक मुलगा पहांटे मोटारी पुसण्याचें काम करितो व तेथून परस्पर शाळेस जातो. एके दिवशीं संध्याकाळीं आवारांतील दिव्याखालीं एका गृहस्थांनीं त्यास थांबविलें आणि आपल्या काळ्या मोटारीच्या बॉनेटकडे बोट दाखवून ते त्याच्यावर रागावूं लागले. दिव्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या शेंकडों बारीक वर्तुळाकार रेघा चमकत होत्या. “तूं गोल गोल घासतोस, त्याचा हा पुरावा पाहा! ह्या महिन्याचे पैसे मिळावयाचे नाहींत,” असें ते म्हणाले. “साहेब, मी गोल घासत नाहीं, सरळ पुसतों,” एवढेंच तो मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता. परंतु डोळ्यांसमोर वर्तुळें दिसत असतां त्याचें बोलणें कोणास खरें वाटणार? मलाहि तें त्या वेळीं खरें वाटलें नाहीं. पुढें शोध केल्यावर कळून आलें कीं, मुलगा अक्षरशः खरें बोलत होता.

तें कसें, हें प्रथम पाहूं. प्रत्येक बारीक ओरखडा म्हणजे रोगणाच्या पृष्ठभागावर पडलेली एक सूक्ष्म चर होय. दिव्याचा प्रकाश तिच्या कडांवर पडला म्हणजे तो चरीच्या लांबीच्या दिशेनें न पसरतां तिच्याशीं काटकोन करून आडवा पसरतो. रंगावर असे ओरखडे उभे, आडवे, तिरपे, सर्व दिशांनीं पडलेले असतात. परंतु आपण दिव्याच्या प्रतिबिंबाकडे पाहूं लागलों म्हणजे, त्या प्रतिबिंबाभोंवतीं वर्तुळ काढल्यास जे ओरखडे त्याच्या स्पर्शरेषेवर येतील, तेवढ्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो. बाकीचे तेथेंच असून दिसत नाहींत. दिसणाऱ्या हजारों तुकड्यांना आपली दृष्टि एकत्र जोडते आणि आपणांस वर्तुळें भासतात. म्हणजे वर्तुळ हें मोटारीवर नसून पाहण्यांत आहे. याची परीक्षा अगदीं सोपी आहे. दिवा हातांत घेऊन तो हळूहळू बाजूस न्यावा. वर्तुळें जर खरोखर रंगावर कोरलेलीं असतीं, तर तीं जागच्या जागीं राहिलीं असतीं; परंतु तीं दिव्याच्या प्रतिबिंबाबरोबर सरकत जातात! हाच प्रयोग विद्यार्थ्यांनीं घरीं, घासून घासून जुनी झालेल्या स्टीलच्या थाळीवर करून पाहावा. रात्रीं रस्त्यावरील दिव्यापुढें झाडाच्या ओल्या डहाळ्या आल्या असतां त्या दिव्याभोंवतीं गोलाकार गुंफल्यासारख्या दिसतात, त्याचेंहि कारण हेंच.

आतां हे ओरखडे पडतात कशानें? फडक्यानें नव्हे, तर फडक्याखालीं सांपडलेल्या धुळीनें. आपल्या रस्त्यांवरील धुळींत वाळूचे सूक्ष्म कण असतात व वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ नांवाचें खनिज. खनिजांच्या कठिणपणाचें जें माप शास्त्रज्ञ वापरतात, त्यांत हिऱ्यास १० अंक दिलेला आहे. त्याच मापांत क्वार्ट्झ ७, साधी कांच सुमारें ५॥ व आपल्या बोटाचें नख सुमारें २॥ येतें. जो कण कांचेसहि ओरखडा काढूं शकतो, त्यापुढें मोटारीच्या रोगणाचा काय पाड? कोरडें फडकें धुळीनें भरलेल्या मोटारीवरून ओढणें म्हणजे अत्यंत बारीक असा घासकागदच तिच्यावरून फिरविणें होय. पिसाऱ्याच्या अगर धाग्यांच्या झाडणीनेंहि तोच परिणाम होतो. एकाच बादलींतील गढूळ झालेल्या पाण्यांत फडकें पुन्हा पुन्हा बुडविलें, तर पहिल्या मोटारीची वाळू पांचव्या मोटारीस लागते. यंत्रानें मोटार धुणाऱ्या ठिकाणीं फिरणारे कुंचे असतात. ते स्वच्छ नसल्यास त्यांचीहि तीच गोष्ट. आमच्या इमारतींतील त्या मुलास आम्हीं सर्वांनीं मिळून काय दिलें होतें? आठ मोटारींना एक बादली आणि एक फडकें!

हानि किती होते हें समजण्यास रंगाची रचना ठाऊक पाहिजे. आपणांस मोटारीचा रंग एकच दिसतो, परंतु तो एकावर एक दिलेल्या थरांचा बनलेला असतो. कारखान्यांत पोलादी पत्रा स्वच्छ करून त्यावर फॉस्फेटाचा संस्कार करितात. मग सांगाडा रंगाच्या कुंडांत बुडवून विजेच्या साह्यानें त्यावर गंजरोधक लेप बसवितात. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि सर्वांत वर एक बिनरंगी, पारदर्शक रोगण, ज्यास कारागीर क्लिअर कोट म्हणतात. ह्या सर्व थरांची जाडी मिळून साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांत वरच्या पारदर्शक थराचा वांटा सुमारें ३५ ते ५० मायक्रॉन. म्हणजे आपल्या डोक्याचा एक केस देखील बहुधा त्याहून जाड! सारी चकाकी ह्या पातळ थराची असते. शिवाय सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचें रक्षण करणारीं द्रव्यें याच थरांत मिसळलेलीं असतात. म्हणून हा थर म्हणजे मोटारीचें छत्रच होय.

पूर्वीं अशी रचना नव्हती. आरंभींच्या मोटारींवर घोडागाडीप्रमाणें कुंचल्यानें रोगण देत, व तें वाळून पुरें होण्यास आठवडेच्या आठवडे लागत. फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही मोटार १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगांतच मिळे. १९२४ सालच्या ओकलंड मोटारीवर ड्यू पाँट कंपनीचें ‘ड्युको’ नांवाचें, फवाऱ्यानें मारावयाचें व झपाट्यानें वाळणारें रोगण आलें, आणि मोटारींच्या रंगांत क्रांति झाली. आपल्याकडे फवाऱ्यानें मारलेल्या तकतकीत रंगास पुष्कळ लोक अजूनहि ‘ड्युको’ म्हणतात, तें ह्या नांवावरून. पारदर्शक वरच्या थराची पद्धति सर्वत्र रूढ झाली ती १९८० नंतरच्या काळांत. त्यापूर्वींच्या पुष्कळ मोटारींवर रंग आणि रोगण एकाच थरांत असत. असा रंग उन्हानें फिका व खडूसारखा भुरकट होतो. कारण रंगकणांस धरून ठेवणारें द्रव्य उन्हानें मोडतें व सुटे कण वर उरतात. हाताचें बोट फिरविलें तर त्यास भुकटी लागते.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं रोग ओळखला पाहिजे. ह्यासाठीं तीन साध्या परीक्षा आहेत. पहिली: ओरखड्यावरून आडवें नख हळूच फिरवावें. नख अडकत नसेल तर तो ओरखडा घासून जाण्याजोगा आहे. अडकत असेल तर तो फार खोल असून त्याचा नाद सोडावा, कारण तो जाईपर्यंत घासल्यास थरच संपेल. दुसरी: न दिसणाऱ्या जागीं पांढऱ्या फडक्यावर थोडें पॉलिश घेऊन चोळावें. फडक्यास मोटारीचा रंग लागला तर रंग जुन्या, एकथरी पद्धतीचा आहे; न लागल्यास वर पारदर्शक थर आहे. तिसरी: टपावर अगर बॉनेटवर पांढुरके, पोपडे सुटल्यासारखे चट्टे आहेत कीं काय तें पाहावें. तसे असल्यास पारदर्शक थर मेलेला आहे असें समजावें. तो कितीहि घासला तरी जिवंत होत नाहीं. तेथें नवा रंग देणें हाच एक उपाय.

रोग साधा ठरला म्हणजे दुरुस्तीची पहिली पायरी धुण्याची. मोटार सांवलींत उभी करावी व पत्रा हातास थंड लागेपर्यंत थांबावें. प्रथम कांहींहि न घासतां नुसत्या पाण्यानें सुटी धूळ वाहवून द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्या. एकींत मोटारीसाठीं मिळणाऱ्या शाम्पूचें पाणी, दुसरींत स्वच्छ पाणी. फडकें साबणाच्या पाण्यांत भिजवून एक भाग धुवावा, नंतर तें दुसऱ्या बादलींत खळबळून धूळ तेथें सोडावी, पिळावें, आणि मगच पुन्हा साबणांत बुडवावें. धुणें टपापासून सुरू करून खालीं यावें, कारण चिखल व खडी खालच्या बाजूस अधिक असते. चाकांसाठीं फडकें निराळें ठेवावें. पुसण्यास मायक्रोफायबर नांवाचें जाड, मऊ कापड चांगलें. त्याचे तंतु अत्यंत बारीक असल्यानें राहिलेले धूलिकण त्याच्या लवेंत शिरतात व रंगावर कमी घासले जातात. कापड ओढण्यापेक्षां टिपून घेणें बरें.

धुतल्यावरहि हात फिरविला असतां पृष्ठभाग खरखरीत लागतो. झाडांचा चीक, डांबराचे शिंतोडे, ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण हे रंगास चिकटून बसलेले असतात. त्यांसाठीं एक प्रकारची मऊ माती मिळते, तिला क्ले म्हणतात. पृष्ठभाग साबणाच्या पाण्यानें निसरडा करून हा गोळा त्यावरून अलगद फिरविला म्हणजे हे कण त्यांत उपटून येतात. गोळा वारंवार मळून त्याची स्वच्छ बाजू वर आणावी. तो चुकून जमिनीवर पडला तर तात्काळ टाकून द्यावा. दोन पैशांच्या लोभानें तो पुन्हा वापरला, तर जमिनीवरील वाळू आपल्याच हातानें रंगावर घासली जाईल.

ह्यानंतर खरी दुरुस्ती. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पॉलिशानें ओरखडे बुजतात असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ओरखडा बुजत नाहीं. त्याच्या भोंवतालचें रोगण खालीं आणून त्याच्या तळाशीं सपाट केलें जातें. शेतांतील सऱ्या भरून काढण्याऐवजीं वरंबेच खरडून जमीन सारखी करावी, तसा हा प्रकार आहे. पॉलिशांत अॅल्युमिनियम ऑक्साइडासारख्या कठीण द्रव्याचे अतिसूक्ष्म, एकसारखे कण असतात. वाळूचा कण वेडावांकडा घाव घालतो. हे कण इतके बारीक असतात कीं त्यांचे घाव डोळ्यांस दिसत नाहींत, आणि आपण त्या पृष्ठभागास गुळगुळीत म्हणतों.

म्हणून नियम असा कीं, सर्वांत सौम्य उपायानें आरंभ करावा. रबराच्या पट्ट्या व प्लास्टिकचे भाग चिकटपट्टीनें झांकावे. एक हातभर चौकोन निवडून त्यावर बारीक पॉलिश व मऊ स्पंजाची गादी वापरून पाहावी. तेवढ्यानें काम झालें तर जहाल पॉलिशास हात लावूं नये. न झालें तर एकेक पायरी वर जावें, व शेवटीं पुन्हा बारीक पॉलिशानें सफाई करावी. हातानें घासल्यास श्रम फार व काम थोडें होतें. यंत्र वापरावयाचें तर नवशिक्यानें दुहेरी गतीचें घ्यावें. त्याची तबकडी स्वतःभोंवतीं फिरतां फिरतां मध्यापासून हेलकावेहि घेते, त्यामुळें एके ठिकाणीं फार उष्णता सांचत नाहीं. नुसतें गरगर फिरणारें यंत्र वेगानें कापतें. तें मुरलेल्या कारागिराच्याच हातीं शोभतें.

हें मी अनुभवानें सांगत आहे. तरुणपणीं असें एक यंत्र उसनें आणून मीं तें वडिलांच्या मोटारीवर चालविलें. त्यांस चकित करावें असा विचार होता. बॉनेटच्या मधल्या उंच घडीवर यंत्र एक मिनिटभर रेंगाळलें असेल, तों तेथील पारदर्शक थर पार निघून जाऊन निस्तेज पट्टा उघडा पडला. कडा व घड्या ह्या जागीं रंग मुळांतच पातळ बसतो आणि यंत्राचा सारा दाब तेवढ्याच जागेवर येतो, हें मला ठाऊक नव्हतें. वडील रागावले नाहींत. परंतु ती मोटार आमच्या घरीं असेपर्यंत तो पट्टा रोज मला दिसे. म्हणून कडांवर यंत्र नेऊं नये. त्या हातानेंच, अलगद पुसाव्या.

काम झाल्यावर तें खरें कीं खोटें याची तपासणी करावी. कांहीं पॉलिशांत तेल व मेणासारखीं द्रव्यें असतात. तीं ओरखड्यांत भरून बसतात व मोटार घटकाभर नव्यासारखी दिसते. दोन पावसांनंतर जाळें पुन्हा उमटतें. रॉकेल अगर डिझेल लावून मोटार चमकविण्याची जी रीत आहे, तिचेंहि इंगित हेंच. उलट त्या तेलकटपणानें धूळ अधिक चिकटते. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यांत मिसळून त्यानें तो भाग पुसावा म्हणजे वरचें तेल निघून जातें व दिव्याखालीं खरी स्थिति दिसते.

यानंतर रक्षणासाठीं लेप द्यावा. जुना व प्रसिद्ध लेप कार्नाउबा मेणाचा. हें मेण ब्राझीलच्या ईशान्य भागांत होणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर मिळतें. तें कठीण असून ८० अंश सेंटिग्रेडच्या वर गेल्यावर वितळतें. अलीकडे कृत्रिम लेप व सिलिकायुक्त सिरॅमिक लेपहि मिळतात. ते मेणापेक्षां पुष्कळ अधिक टिकतात. परंतु कोणताहि लेप दिला तरी मोटार कोरड्या फडक्यानें पुसण्याची मुभा मिळते असें मात्र नाहीं. पक्ष्यांची विष्ठा उन्हांत राहिल्यास रोगणांत खड्डा पाडते. ती दिसतांच पाण्यानें भिजवून, मऊ झाल्यावर उचलून घ्यावी, खरवडूं नये.

आमच्या इमारतींतील त्या काळ्या मोटारीच्या बॉनेटचा एक कोपरा ह्याच पद्धतीनें मीं दुरुस्त करून पाहिला. तत्पूर्वीं त्या गृहस्थांस दिवा सरकवून वर्तुळें सरकतांना दाखविलीं होतीं. ते बराच वेळ पाहत राहिले. कांहीं बोलले नाहींत. दुरुस्त झालेल्या कोपऱ्यांत दिव्याचें प्रतिबिंब आरशांतल्यासारखें स्वच्छ दिसूं लागलें, तेव्हां सर्वांनीं शाबासकी दिली. तो मुलगा मात्र गप्प होता. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, “सर, असें किती वेळां करतां येईल?”

आम्हां मोठ्या माणसांपैकीं कोणासहि हा प्रश्न सुचला नव्हता, आणि साऱ्या विषयाचें मर्म तर त्यांतच आहे. जाळ्याचे ओरखडे बहुधा एक-दोन मायक्रॉनांहून खोल नसतात. म्हणजे प्रत्येक दुरुस्तीस थोडेच मायक्रॉन खर्ची पडतात. परंतु ठेव मुळांत ३५ ते ५० मायक्रॉनांची. ती अर्धी होईपर्यंत थांबणें देखील धोक्याचें, कारण चकाकी राहिली तरी ऊन अडविण्याचें सामर्थ्य कमी होत जातें. ह्या ठेवींत नवी भर कधींच पडत नाहीं, ती फक्त काढतां येते. म्हणून मोटारीच्या सबंध आयुष्यांत अशी दुरुस्ती मोजक्याच वेळां करावी. जाणते कारागीर तर रंगाची जाडी मोजणारें उपकरण लावल्यावांचून कामास हातच घालीत नाहींत. फार बारीक ओरखडे राहिले तर राहूं द्यावे. मोटार दिव्याखालीं निर्दोष दिसावी म्हणून तिचें छत्रच झिजविणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे.

दुरुस्तीपेक्षां प्रतिबंध स्वस्त, ही म्हणावयाची गोष्ट आतां पुराव्यानें सिद्ध झाली. त्या महिन्याचे पैसे त्या मुलास मिळाले. इमारतींतील मंडळींनीं वर्गणी करून तीन बादल्या, डझनभर चांगलीं फडकीं व नळास जोडावयाची एक नळी आणली. पाणी कमी येईल त्या दिवशीं मोटारी पुसूंच नयेत, फक्त पुढची व मागची कांच ओल्या फडक्यानें स्वच्छ करावी, असेंहि ठरलें. धूळ बसलेली मोटार वाईट दिसते खरी, परंतु बसलेली धूळ अपाय करीत नाहीं. ओढलेली धूळ करिते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरची मोटार, स्कूटर अगर सायकल पुसण्याची पाळी तुमच्यावर येईल तेव्हां आधीं पाणी ओता व मग हात लावा, एवढें ध्यानांत ठेवा. आणि पालकांस एक नम्र विनंति: आपली वस्तु दुसऱ्याच्या हातीं निगेस देतांना ती निगा राखण्याचें योग्य साधनहि त्याच्या हातीं द्यावें. तें न देतां पुढें ओरखडे दिसले, तर त्या माणसावर बोट रोखण्यापूर्वीं दिवा थोडा बाजूस सरकवून पाहावा.